डाव्या बाहीवरचं प्रकरण

माझ्या कादंबरीचं सातवं प्रकरण दातांच्या डॉक्टरांच्या बायकोच्या डाव्या बाहीवर लिहिलेलं होतं, आणि मंगळवारी दुपारी मी दोरे घेऊन दुकानात परतले तेव्हा ती बाही खिळ्यावर नव्हती.

माझं काम सांगितल्याशिवाय हे कळायचं नाही. मी कपडे शिवते. घराची रस्त्याकडची खोली म्हणजे माझं दुकान. एक मशीन, एक कापायचं टेबल, एक इस्त्री आणि भिंतीवर खिळ्यांची लांब रांग. नेहमीच्या प्रत्येक गिऱ्हाइकाचा फर्मा, म्हणजे तिच्या मापाने कापलेले खाकी कागद, एकेका खिळ्याला गुंडाळून टांगलेला असतो. पाठीचा कागद वेगळा, पुढचा वेगळा, बाह्यांचे वेगळे. त्या कागदांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी चार वर्षं कादंबरी लिहीत होते. उभ्याने, पेन्सिलीने, इस्त्री तापायला लागतात त्या सात मिनिटांत.

वही का नाही, असं कुणी विचारेल. मी वही उघडली की घरातल्या प्रत्येकाला माझी आठवण होते. धाकटीला भूमिती अडते, सासूबाईंचा चष्मा हरवतो, आमचे हे ट्रक घेऊन पंधरवडाभर बाहेर असतात तेसुद्धा नेमका तेव्हाच फोन करतात. पण मी फर्म्यावर वाकलेली दिसले की सगळे म्हणतात, काम करतेय, मध्ये पडू नका. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. माझी कादंबरी मात्र तशीच भरत होती. तिसरं प्रकरण बँकेतल्या बाईंच्या पाठीवर होतं, पाचवं एका गायिकेच्या स्कर्टच्या घेरावर, आणि घेर मोठा म्हणून ते प्रकरणही उगाचच लांबलं होतं. कुणाच्या हाती लागेल याची मला कधी भीती वाटली नाही, कारण त्या सहा प्रकरणांत सगळं मनचं होतं. सातवं खरं होतं.

तीन आठवड्यांपूर्वी डॉक्टरांची बायको कोटाचं माप द्यायला आली होती. चार गल्ल्या पलीकडे त्यांचा दवाखाना आहे आणि काउंटरवर ती बसते. मी तिच्या दंडाला टेप लावली तेव्हा तिथे चार निळे डाग दिसले, एका ओळीत, आणि मागच्या बाजूला एक मोठा. मी वीस वर्षं दंड मोजतेय. दाराला आपटून झालेला डाग कोणता आणि बोटांचा कोणता, ते मला सांगावं लागत नाही. मी पाहिलं हे तिने पाहिलं. मग माप सांगावं तशा आवाजात ती बोलली. कोटाला आतून एक चोरखिसा हवा होता, कुणी कोट उचलला तरी हाताला लागणार नाही असा. त्यात तिचा जन्माचा दाखला, पदवीचा कागद आणि बहिणीच्या घराची किल्ली राहणार होती. डॉक्टर एका शनिवारी दोन दिवसांच्या परिषदेला जाणार होते. त्या शनिवारी ती फक्त अंगावरच्या कोटानिशी निघणार होती.

'हे फक्त तुम्हाला ठाऊक आहे,' ती म्हणाली.

मी शब्द दिला. मनापासून दिला. आणि ती गेल्यावर दारावरची घंटा हलायची थांबते न थांबते तोच मी तिच्याच डाव्या बाहीचा कागद उलटा केला आणि लिहायला लागले.

याची मला लाज वाटते. पण खोटं कशाला सांगू, चार वर्षांत पहिल्यांदाच पेन्सिल आपणहून चालत होती. इस्त्री तापून एका अस्तराला चटका बसला तरी मी थांबले नाही. डॉक्टरचा मी घड्याळजी केला. करड्या कोटाचा हिरवा केला. चोरखिसा खरं तर डाव्या काखेत, अस्तराच्या दोन थरांमध्ये घालायचा ठरला होता, आणि आठवड्याभरात मी तसाच शिवून कोट तिला दिला. गोष्टीत तो खाली घेरात घातला, कारण काख हा शब्द वाक्यात बरा दिसेना. बाकी सगळं तसंच ठेवलं. डाग, दाखला, किल्ली, शनिवारची परिषद. घड्याळजींच्या परिषदा भरतात की नाही हेसुद्धा मी कुणाला विचारलं नाही.

तर मंगळवारी डॉक्टर स्वतः आले होते. दुकानात सासूबाई एकट्या काजं करत बसल्या होत्या. यापुढे बायकोचे कपडे दवाखान्याजवळच शिवून घेऊ, तिला एवढं लांब यायला नको, तेव्हा फर्मा द्या, असं ते अगदी अदबीने म्हणाले. आमच्या दुकानाची एक रीत आहे, सासऱ्यांनी घालून दिलेली. माप ज्याचं, कागद त्याचा. गिऱ्हाइकाने मागितला की फर्मा मुकाट्याने द्यायचा, कारण ते तिचं अंग आहे, आपलं नव्हे. सासूबाईंनी विचार केला, नवरा मागतोय म्हणजे तिनेच मागितलं. शिवाय डॉक्टर त्यांची नवी कवळी करत होते. त्यांनी गुंडाळी दोन्ही हातांनी उचलून दिली.

फर्म्याची मागची बाजू कोण बघतं, असं मी स्वतःला दहा वेळा सांगितलं. उत्तर सोपं होतं. नवी शिंपीण बघेल, किंवा तो बघेल. लोकांच्या तोंडात आरसा घालून दाढेची मागची बाजू बघणं हाच ज्याचा धंदा, तो कागद उलटा केल्याशिवाय राहील? शनिवार चार दिवसांवर होता. तो त्याआधी वाचेल, घरी जाईल, दार लावून घेईल, आणि त्या बंद दारामागे जे होईल ते माझ्या हाताने झालेलं असेल. एका शाळेच्या बँडचे बावीस कोट शुक्रवारी द्यायचे होते. त्या दुपारी मी एका कोटाला दोन्ही डाव्या बाह्या जोडल्या आणि पुरी टीप मारून होईपर्यंत मला पत्ता नव्हता.

बुधवारी सकाळी मी दाढ दुखते म्हणून दवाखान्यात गेले. तोंडाने काय सांगायचं ते ठरवलं होतं. फर्मा चुकून दुसऱ्याचा गेला, बदलून द्या, एवढंच.

काउंटरवर ती बसली होती. मला पाहून गोंधळली, पण नाव-वय विचारून वहीत लिहून घेतलं, जणू मला कधी पाहिलंच नाही. तिच्या मागे खुंटीला करडा कोट होता. कोटाचा घेर खाली लोंबत होता. सगळीकडून उसवलेला. अस्तर बाहेर आलं होतं आणि माझे बारीक टाके तुटक्या केसांसारखे दिसत होते. मी तिच्याकडे पाहिलं. तिने मान अगदी किंचित हलवली. कळेना मला, ती सांगतेय की विचारतेय.

आत गेले तर हात धुवायच्या जागेच्या वरच्या फळीवर खाकी गुंडाळी ठेवलेली होती.

डॉक्टर मऊ बोलतात. माणसाला खुर्चीत बसवतात, गळ्याभोवती रुमाल बांधतात, खुर्ची मागे कलते आणि मग आपले पाय डोक्यापेक्षा वर जातात. त्यांनी माझ्या गालात कापसाचे दोन बोळे घातले. आरसा फिरवला. एकेका दातावर लोखंडी आकड्याने टकटक केलं आणि प्रत्येक वेळी विचारलं, इथे? मी मान हलवत राहिले.

'तुमचं अक्षर छान आहे,' ते म्हणाले.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. कापूस होता म्हणून असेल, पण अक्षरशः पळालं.

'बोलू नका. मी कथा-बिथा वाचत नाही. पण ही दोनदा वाचली. तो घड्याळजी सारखे हात धुतो, ते चांगलं टिपलंय.' आकडा माझ्या हिरडीवर टेकलेला होता. 'माणसाला शंका येतेच हो. मी तिच्या कोटाचा सगळा घेर उसवून पाहिला. काही नव्हतं. मग माझं मलाच हसू आलं.'

काखेत कळसा आणि गावाला वळसा. काख शब्द वाक्यात बरा दिसेना म्हणून ती अजून वाचलेली होती, आणि मी त्या खुर्चीत डोळे मिटून ते प्रकरण लिहिणाऱ्या माझ्याच हाताचे आभार मानत होते आणि त्यालाच शिव्या देत होते.

त्यांनी कापूस काढला. 'पुढे काय होतं? ती जाते?'

'नाही,' मी म्हणाले. विचार न करता म्हणाले. 'ती शिंपिणीकडे परत येते. खिसा उसवून घेते.'

'का?'

'घाबरते.'

त्यांनी आकडा ताटलीत ठेवला. मग हात धुतले, बोटांच्या बेचक्यांतून, सावकाश. ते प्रकरण लिहून झालंय का, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, वेळ मिळत नाही. ते हसले. म्हणाले, उद्या संध्याकाळपर्यंत मिळवा. कोटाचा घेर शिवून आणा आणि त्याबरोबर ते प्रकरण आणा. शनिवारी एका परिषदेला जायचंय आणि जावं की नाही ते ठरत नाहीये, तेव्हा तुमचं वाचून ठरवतो. हे सगळं थट्टेच्या सुरात. बाहेर येऊन त्यांनी स्वतः खुंटीवरचा कोट काढून माझ्या हातात दिला. काढताना त्यांचा अंगठा नेमका डाव्या काखेखाली होता.

'तुमची दाढ ठणठणीत आहे,' ते म्हणाले. 'काही दुखत नाहीये तुम्हाला.'

रस्त्यात मी कोट छातीशी धरून चालले. काखेत कागद होते. किल्लीसुद्धा होती. मी शिवला होता म्हणून मला लागली, दुसऱ्या कुणाला लागली नसती, असं मी घरापर्यंत स्वतःला सांगत गेले.

मग मी दुकानाचं दार आतून लावलं आणि सासूबाईंना सगळं सांगितलं. फर्म्यांवर मी काय लिहिते हेही सांगावं लागलं. चार वर्षं त्यांना वाटत होतं की मी मापं पुन्हा पुन्हा तपासते. त्यांच्या लेखी मी फार काटेकोर शिंपीण होते. तो मानही गेला.

त्या ओरडल्या नाहीत. सुई कपड्यात टोचून ठेवली. 'कागद मी दिला,' एवढंच म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, 'लिही. काजं-बटणं माझी. दार मी बघते.'

बावीसपैकी नऊ कोट बाकी होते. त्यांनी ते सगळे स्वतःकडे ओढून घेतले. आईला उद्या रात्रीपर्यंत हाक मारायची नाही, भूमिती अडली तर अडू दे, असं धाकटीला बजावलं. ह्यांचा फोन आला, तोही त्यांनी घेतला आणि ती आंघोळीला गेलीय म्हणून सांगितलं. संध्याकाळी पुन्हा आला, पुन्हा तेच सांगितलं. ह्यांना वाटलं असेल बायको आजारी आहे.

चार वर्षं मी वेळ नाही म्हणून रडले होते. आता पूर्ण वेळ होता, दारावर पहारा होता, टेबल मोकळं होतं, आणि पेन्सिल जागची हलत नव्हती. एका बाईचा जीव मी लिहीन त्या वाक्यावर होता, आणि मला वाक्यच सुचत नव्हतं. सात मिनिटांची सवय लागलेला माणूस मी. इस्त्री गरम करायला लावली, काही कपडा नसताना. ती तापली, मी बंद केली, पुन्हा लावली. तीन वेळा सुरुवात केली. गुरुवारी सकाळपर्यंत तिन्ही खोडल्या. बाई शिंपिणीकडे येते, रडते, म्हणते मला जमणार नाही. वाचताना माझ्या लक्षात येत होतं की हे दुसरीतलं पोरसुद्धा मानणार नाही. आणि वाचणारा दुसरीतला नव्हता.

'वाचून दाखव,' सासूबाई म्हणाल्या.

मी वाचलं. त्या बटणाचा दोरा दातांनी तोडायला गेल्या आणि दात नाहीत हे आठवून कात्री घेतली.

'ही फार लवकर रडते,' त्या म्हणाल्या. 'घाबरलेली बाई रडत नाही. ती काम करत असते. हात थांबले तर त्याला कळेल म्हणून काम करते. आणि ऐकत असते. बूट दाराशी थांबले की पुढे गेले. चावी भोकात पहिल्या खेपेला गेली की दुसऱ्या. दुसऱ्या खेपेला गेली तर पिऊन आलाय.'

सासऱ्यांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. भिंतीवर त्यांची कात्री अजून टांगलेली आहे. गिऱ्हाइकं त्यांच्याबद्दल अजून सांगतात, काय शब्दाचा माणूस होता.

'ती खिसा का उसवते सांगू?' त्या म्हणाल्या. 'भीती वाटते म्हणून नाही. त्या दिवशी तो चांगला वागतो म्हणून. चहा करून देतो. तेवढ्यावर ती आणखी तीस वर्षं काढते.'

मग त्या उठल्या आणि शेवटच्या खिळ्यावरची पिवळी पडलेली गुंडाळी काढून माझ्यापुढे टाकली. त्यांचा स्वतःचा फर्मा होता, कधीच्या काळचा. 'माझ्या पाठीवर लिही,' त्या म्हणाल्या. 'लोकांच्या अंगावर पुरे झालं.'

त्या बटणं लावत सांगत गेल्या आणि मी लिहीत गेले. दुपारपर्यंत पाठ भरत आली. घड्याळजीची बायको शिंपिणीकडे येते, कोट टेबलावर ठेवते, म्हणते हा खिसा नको. शिंपीण उसवते. सगळे टाके निघतात. ती कोट घालून घरी जाते आणि नवऱ्याच्या बुटांचा आवाज कुठवर आला ते ऐकत कपबशा विसळते. एवढंच. त्यात एकही खोटा शब्द नव्हता. मला ते लिहिताना जितकी भीती वाटली तितकी आधी कशाचीच वाटली नव्हती.

पाच वाजता मी कोट आणि कागद घेऊन दवाखान्यात गेले. शेवटचा पेशंट नुकताच बाहेर पडत होता. डॉक्टरांच्या हातात ओले हातमोजे होते. त्यांनी कागदाकडे पाहिलं, मग काउंटरकडे.

'तू वाच,' ते बायकोला म्हणाले. 'मोठ्याने. माझे हात खराब आहेत.'

हे मी धरलंच नव्हतं. तिला कागदाबद्दल काहीच ठाऊक नव्हतं. घेर कशासाठी उसवला हे नवऱ्याने तिला सांगितलं होतं की नाही, तेही मला ठाऊक नव्हतं. तिने माझ्या हातून कागद घेतला आणि उभ्याने वाचायला लागली. पहिल्या दोन ओळींत तिला सगळं कळलं असणार. मी शब्द मोडला, तिचं गुपित कागदावर उतरवलं, ते याच्या हाती लागलं, आणि आता हे काय आहे. तिचा आवाज एकदाच कापला, कपबशांपाशी. डॉक्टर खुर्चीच्या हातावर बसून तिच्या तोंडाकडे बघत होते. कागदाकडे नाही. दातांच्या डॉक्टरांनी बघावं तसं, ती शब्द कसे उच्चारते ते.

ती शेवटपर्यंत आली. माझं शेवटचं वाक्य वाचलं. मी श्वास सोडणार, एवढ्यात ती पुढे वाचत राहिली.

'शनिवारी घड्याळजी परिषदेला निघाला,' तिने वाचलं, 'तेव्हा ती दारात उभी राहून त्याला हात करत होती, आणि तो दिसेनासा झाल्यावर घरात जाऊन तिने दिवा लावला.'

हे मी लिहिलेलं नव्हतं. मी काउंटर धरलं. तिने कागदाची घडी घातली, अक्षरं आत जातील अशी, आणि माझ्याकडे न बघता नवऱ्याच्या हातात दिली.

डॉक्टरांनी घडी उलगडली नाही. 'खरं वाटतं,' ते म्हणाले. 'शेवट विशेष.' कागद त्यांनी आपल्या प्रवासाच्या बॅगेत टाकला, प्रवासात निवांत वाचतो म्हणाले. कोट बायकोने खुंटीला लावला.

शुक्रवारी बँडचे बावीस कोट गेले. सासूबाईंची बोटं सुजली होती. ज्या कोटाला दोन डाव्या बाह्या लागल्या होत्या तो त्यांनीच उसवून सरळ केला आणि मला बोलून दाखवलं नाही. मी दिवसभर एकच गोष्ट मनात घोळवत होते. त्याने बॅग उघडली, नुसता कागद काढून पाहिला, तर शेवटची ओळ त्यात नाही. एक घडी उलगडायचा अवकाश होता. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. प्रत्येक वेळी दारावरची घंटा वाजली की मी मशीनखाली पायडलवर पाय घट्ट रोवत होते.

शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला ती आमच्या रस्त्यावरून गेली. समोरच्या फुटपाथवरून. करडा कोट, हातात कापडी पिशवी, जशी कुणी बाजारात जाते तशी. दुकानाकडे तिने पाहिलं नाही. थंडी वाजत असावी तसा तिने उजवा हात डाव्या काखेत घातला होता. कोपऱ्यावर वळेपर्यंत मी आणि सासूबाई काचेआड उभ्या होतो. ती वळल्यावर सासूबाई तशाच काचेला टेकून उभ्या राहिल्या, बराच वेळ.

सोमवारी डॉक्टर आले. दाढी वाढलेली नव्हती, शर्टाला इस्त्री होती. त्याचीच मला जास्त भीती वाटली. त्यांनी टेबलावर दोन्ही गोष्टी ठेवल्या, बाहीची गुंडाळी आणि पिवळी पाठ. पाठीचा कागद उलगडला आणि शेवटच्या वाक्यापुढच्या रिकाम्या जागेवर बोट टेकवलं.

'ती ओळ कुठंय?'

माझं तोंड उघडलं, पण त्या खुर्चीत उघडलं होतं तसंच, नुसतं उघडं राहिलं.

'कुठे गेलीय ती?' ते म्हणाले. आवाज अजून मऊच होता. 'लिहिलं असेल तुम्ही. सगळं लिहिता ना? पुढचं प्रकरण कुठे आहे?' त्यांनी जवळच्या खिळ्यावरची गुंडाळी उपटली, उलगडून मागे पाहिलं, खाली टाकली. मग दुसरी. मग तिसरी. बँकेतल्या बाई, गायिका, सगळ्याजणी जमिनीवर पडत होत्या, आणि मी त्यांच्या आणि भिंतीच्या मध्ये जाऊ शकत नव्हते.

सासूबाई मध्ये गेल्या. एवढ्याशा बाई, दात नसलेल्या, हातात काजाची कात्री. त्या त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

'माप ज्याचं, कागद त्याचा,' त्या म्हणाल्या. 'मी एकदा चुकले. ती बाही तिची आहे, ती मागेल तेव्हा देऊ. पाठ माझी आहे. तुमचं इथे काही नाही.'

डॉक्टरांनी त्यांच्याकडे वरून खाली पाहिलं. 'तुमची कवळी तयार आहे,' ते म्हणाले. 'न्यायला या.'

'राहू द्या,' सासूबाई म्हणाल्या. 'मला आता फारसं काही चावायचं नाही.'

ते गेले. घंटा वाजली आणि थांबली. सासूबाई स्टुलावर बसल्या, आणि मला त्यांच्या बोटांतून कात्री सोडवून घ्यावी लागली.

त्यानंतर महिनाभर मी भीतीतच शिवत होते. दोनदा ते समोरच्या फुटपाथवर उभे दिसले. नुसते उभे, हात खिशात घालून. ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी ट्रकवरून आठ दिवसांची रजा घेतली आणि दुकानात स्टूल टाकून वर्तमानपत्र वाचत बसले. वर्तमानपत्र एकच होतं, सोमवारचं. मी लिहीत मात्र नव्हते. पेन्सिल कानामागे होती ती सवयीने.

मग दूरच्या कुठल्याशा शहरातून एका शिंपिणीचा फोन आला. तुमच्याकडे एका बाईचा फर्मा आहे, करड्या कोटवालीचा, ती म्हणते तो पाठवाल का. पत्ता शिंपिणीच्या दुकानाचा होता. बाईंबद्दल मी काही विचारलं नाही. ती नीट आहे का एवढंच विचारलं. पलीकडची बाई म्हणाली, दंड थोडा भरलाय, माप वाढवावं लागेल.

मी गुंडाळी टेबलावर ठेवली. पाठवायची म्हणजे डावी बाहीही पाठवायची, आणि तिच्या मागे सातवं प्रकरण होतं, मी आयुष्यात लिहिलेलं सगळ्यात चांगलं. आता ती ते वाचणार होती. ते चोरलेलं आहे हे तिला पहिल्याच ओळीत कळणार होतं. उतरवून घ्यावं असं वाटलं. खोटं कशाला सांगू, नवा कागद पुढे ओढून पहिलं वाक्य लिहिलंसुद्धा. मग सासूबाईंच्या पाठीचा कागद समोर आला. तो त्यांनी परत आपल्या खिळ्याला लावला होता, अक्षरं भिंतीकडे. मी लिहिलेलं वाक्य खोडलं. गुंडाळी तशीच बांधली, पत्ता घातला आणि धाकटीला बरोबर घेऊन पोस्टात देऊन आले.

परत आले तेव्हा सासूबाई खिळ्यांच्या रांगेकडे बघत होत्या.

'तुझा कुठला गं?' त्यांनी विचारलं.

माझा नव्हता. शिंपिणीला कोण फर्मा कापतं? उरलेल्या कापडात, अंदाजाने, आरशासमोर टाचून वीस वर्षं मी माझे कपडे शिवलेत. मी हसून तसं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या गळ्यातली टेप काढून घेतली, टेबलावर नवा खाकी कागद पसरला आणि पेन्सिल माझ्या कानामागून काढून त्यावर ठेवली.

'हात वर कर,' त्या म्हणाल्या.

इतक्या बायकांना मी हे वाक्य म्हटलंय. दंडाला टेप लागली की काय काय दिसतं ते मला ठाऊक होतं. माझ्या दंडावर काही नव्हतं, आमचे हे तसे नाहीत. तरीही मी दार लावलं आहे ना ते एकदा पाहिलं आणि हात वर केले.